‘वेग वाढला की उडी मारा’ हा सल्ला मनगट मोडणारा आहे

‘स्केटबोर्डला ब्रेक नसतो. वेग वाढला की उडी मारायची, फार तर मागची शेपूट (बोर्डाचं मागचं वर वळलेलं टोक) घासायची. सरळ उतारावर सोडून द्या, थांबणं आपोआप जमतं.’ मोबाइलवरून पोरापोरांत फिरणारा हा सल्ला आता नांदेड-लातूरकडच्या नव्या कॉलन्यांतल्या सिमेंट रस्त्यांवरही पोचला आहे. तो वाचून बोर्डावर चढणाऱ्यांसाठी हे लिहितो आहोत.

आधी उडीचं. चालण्याच्या वेगात बोर्डावरून उतरणं ठीकच, तेही शिकायला हवं. पण उडी मारली तरी बोर्डाचा वेग अंगात राहतो. जमिनीवर पडलेलं पहिलं पाऊल त्याच वेगानं पळालं पाहिजे. ताशी आठ-दहा किलोमीटरला ते जमतं. वीसच्या पुढे पाय मागे राहतात, धड पुढे जातं, आणि माणूस तळहात टेकतो. मनगट तिथंच मोडतं. शिवाय मोकळा सुटलेला बोर्ड कुणाच्या दुचाकीखाली जाईल, सांगता येत नाही.

ब्रेक नसतो हे तर साफ चूक. मागचा पाय हाच ब्रेक. पुढचा पाय पुढच्या बोल्टांवर, म्हणजे पुढची चाकं जिथं बोर्डाला जोडलेली असतात तिथं, बोटं प्रवासाच्या दिशेला, गुडघा वाकलेला, जवळजवळ सगळा भार त्याच पायावर. मग मागचा पाय बोर्डाशेजारी उतरवायचा आणि अख्खा तळवा जमिनीला नुसता लागू द्यायचा. दाब हळूहळू वाढवायचा. इथं दोन चुका हमखास होतात. एक, टाच आधी रुतते आणि पाय झटक्यानं मागे ओढला जातो. दुसरी, भार घासणाऱ्या पायावर जातो आणि बोर्ड पुढे निसटतो. म्हणून आधी थांबलेल्या बोर्डावर पुढच्या एका पायावर दहा अंक मोजेपर्यंत उभं राहता आलं पाहिजे. ते जमल्याशिवाय चाक फिरवू नका. नंतर सपाट रस्त्यावर खडूची रेघ मारा, चालण्याच्या वेगानं या, रेघेवर पाय टेकवा आणि तीन बोर्डांच्या अंतरात, म्हणजे साधारण अडीच मीटरमध्ये थांबा. सलग दहा वेळा जमलं की वेग थोडा वाढवा. पायात सपाट रबरी तळाचे बूट हवेत, चप्पल नको.

‘उतारावर आपोआप जमतं’ हा मुद्दा सगळ्यात घातक. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट जागा लागते. सपाटीवर ताशी दहाच्या वेगात चार मीटरमध्ये थांबणाऱ्याला वीसच्या वेगात सोळा मीटर लागतात. आता तोच पाय, तोच दाब घेऊन वीस फुटांत एक फूट उतरणाऱ्या रस्त्यावर जा: अंतर जवळपास दुप्पट होतं. दहा फुटांत एक फूट उतार असेल तर घासण्याचा जोर आणि उताराची ओढ जवळजवळ सारखी होते. पाय घासत राहतो, वेग कमी होत नाही. नवख्यानं घाबरून उडी मारायची वेळ येते ती इथंच.

शेपूट घासली की पुढची चाकं उचलतात, दिशा हातातून जाते, भार मागे जातो. बोर्ड पुढे पळाला तर डोक्याची मागची बाजू आपटते. लाकूड झिजतं ते वेगळंच. हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड पहिल्या दिवसापासून हवेत ते यासाठीच.

आपल्याकडच्या रस्त्यांचं एक वेगळं सांगायला हवं. काळ्या दगडाची खडी कडेला पसरलेली असते. ५२ मिलिमीटरच्या टणक चाकाखाली हरभऱ्याएवढा खडा आला तरी चाक जागीच अडकतं आणि माणूस पुढे फेकला जातो. दसऱ्याच्या सुमारास रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं, उचलल्यावरही दाणे मागे राहतात. त्या दाण्यांवर तळवा घासत नाही, घरंगळतो. सरावाच्या आधी तेवढा पट्टा खराट्यानं झाडून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

रिमोटवर चालणाऱ्या बॅटरीच्या बोर्डांना ब्रेक असतो, पण बहुतेकांत तो थांबताना वीज परत बॅटरीत भरतो. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ती वीज जायला जागा नसते, आणि लांब उतारावर ब्रेक मंदावू किंवा सुटू शकतो. उतारानं निघायचं असेल तर चार्जिंग थोडं आधीच काढा, आणि पायाचा ब्रेक त्या बोर्डावरही शिकून घ्या.