पाच रकाने आणि आमची बेळगावी बोली

चार दिवस झाले, पुण्याच्या आतेबहिणीनं टॅग करून ठेवलंय. आवडता सिनेमा, आवडती मालिका, आवडतं पुस्तक, आवडतं गाणं, आवडता पदार्थ. प्रत्येकी एकच, आणि फार विचार न करता लिहायचं. वर शेरा : ‘तुझा शेवटचा रकाना मीच भरते, कुंदा!’ म्हणजे बेळगावच्या माणसाला दुसरं काही सुचूच नये.

विचार न करता लिहायला बसले आणि तिथंच घोडं अडलं. सिनेमा म्हटलं की आधी कानडी आठवतो, पुस्तक म्हटलं की मराठी, आणि गाण्याच्या रकान्यात तर एकाच गळ्यातून दोन्ही. यादी बनेना. मग भांडी घासता घासता लक्षात आलं की मला आवडणाऱ्या बऱ्याच गोष्टींत लोक आमच्या घरासारखे बोलतात, नाहीतर निदान आपल्या-आपल्या गावासारखे बोलतात. जिथं सगळे एकाच इस्त्रीचं मराठी बोलतात, तिथं पंधरा मिनिटांत माझा हात फोनकडं जातो.

ह्याला कारण आहे. आमच्याकडं बायका ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात. आई म्हणते, काकू म्हणते, मीही म्हणत होते. कोल्हापूरकडंही हेच. बारावीनंतर पुण्याला होस्टेलवर गेले आणि पहिल्याच संध्याकाळी खोलीच्या दारात उभी राहून म्हटलं, ‘मी जेवून येतो.’ तिघी पलंगावर लोळून हसल्या. वाईट मुली नव्हत्या, एक तर अजून मैत्रीण आहे. पण मी पुढची दोन वर्षं प्रत्येक वाक्य तोंडातून काढायच्या आधी तपासत होते. आता लिहिताना ‘मी गेले’ आपोआप येतं. आईचा फोन आला की दुसऱ्या मिनिटाला ‘गेलो’ सुरू. नवरा म्हणतो, तुझं सिमकार्ड बदलतं.

तर पुस्तकं आधी, कारण तिथं बोलण्यासारखं सगळ्यात जास्त आहे.

पु. ल. बेळगावला राणी पार्वतीदेवी कॉलेजात प्राध्यापक होते, हे आमच्या गावात लहान पोरालाही माहीत असतं. त्यातून ‘गणगोत’मधले रावसाहेब मिळाले. आमच्याकडं ती कॅसेट होती. पाहुणे आले की बाबा लावायचे, आणि पाहुणे पुण्यामुंबईचे असले तर मला एक गंमत दिसायची. पाहुणे शिव्यांना हसायचे, कानडी हेल काढला की हसायचे. बाबा त्या जागी हसायचेच नाहीत, कारण त्यात त्यांना हसण्यासारखं काही वाटायचं नाही, सकाळी भाजीवाल्याशी ते स्वतः तसंच बोलून आलेले असायचे. त्यांचं हसू भलतीकडंच फुटायचं, एखाद्या हट्टाला, एखाद्या चिडण्याला. आणि शेवटाकडं कॅसेट आली की उठून उगाच खिडकी लावायला जायचे. मी त्या व्यक्तिचित्राला पहिला नंबर देते तो ह्यासाठी, की पु. लं.नी आमचं बोलणं नुसतं हसायला वापरलं नाही. त्याच बोलण्यात माणसाला रडवलंसुद्धा.

जी. ए. कुलकर्णी मूळचे आमच्या बेळगावचे, नोकरी धारवाडला, शिकवायचं इंग्रजी, आजूबाजूला कानडी, आणि लिहायचं मराठीत. ‘काजळमाया’ला साहित्य अकादमी मिळालं आणि प्रकाशनाच्या तारखेवरून वाद झाल्यावर त्यांनी ते परत करून टाकलं. हे आमच्याकडं अजून अभिमानानं सांगतात, बहुतेक वेळा ‘काजळमाया’ न वाचलेले लोक. खरं सांगते, मीही विशीत दोनदा उघडून ठेवून दिलं होतं. पस्तिशीनंतर जमलं. तरी आवडतं कुठलं विचाराल तर ‘माणसे : अरभाट आणि चिल्लर’. जी. एं.चे जाणकार ह्यावर नाक मुरडतील, मुरडू देत.

पण रकान्यात एकच नाव लिहायचं तर प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’. लंपन आजी-आजोबांकडं राहतो ते गाव सीमाभागातलं, आणि प्रकाश संत म्हणजे आमच्या इंदिरा संतांचा मुलगा. त्या पोराच्या डोक्यातली मराठी अशी आहे की कुठं कानडी सुरू झालं आणि कुठं संपलं ते कळत नाही. कळायची गरजही नसते. २०२४ मध्ये त्यावर मालिका आली. गीतांजली कुलकर्णींनी आजी केलीय, छान केलीय. मी दोन रात्रींत संपवली आणि तिसऱ्या रात्री पुस्तक काढून बसले. त्याच्या डोक्यात चाललेलं बोलणं पडद्यावर कसं आणणार, बिचारे करणार तरी काय.

आणखी एक पुस्तक सोडवत नाही. भैरप्पांचं ‘पर्व’, महाभारतावरची कानडी कादंबरी, मी उमा कुलकर्णींच्या मराठी अनुवादात वाचलं. त्याही जन्मानं बेळगावच्या. माझ्या सासूबाई गोकाकच्या, घर मराठी पण शाळा कानडी, त्यामुळं त्यांनी तेच पुस्तक मुळातून वाचलेलं. मग एका पावसाळ्यात स्वयंपाकघरात महाभारत पेटलं. मी कुंतीच्या बाजूनं, त्या द्रौपदीच्या. त्यांचं म्हणणं, कानडीत द्रौपदी जास्त रागावलेली आहे. मी म्हटलं, मराठीतही काही कमी नाही. शेंगा सोलत सोलत हे चाललेलं. टोपलं संपलं तरी निकाल लागला नाही, आणि सोललेल्यातले निम्मे दाणे आम्ही दोघींनी खाऊन टाकले होते.

सिनेमा. इथं थोडी लाज सोडून लिहायला हवं. गोरा कुंभार मला आधी कानडीत भेटला. आपल्या तेरचे संत, पण माझ्यासाठी त्यांचा चेहरा म्हणजे डॉ. राजकुमार. सिनेमा ‘भक्त कुंभार’, १९७४ चा. नंतर उदया टीव्ही आल्यावर रविवारी दुपारी तो पुन्हा पुन्हा लागायचा. आज्जीला कानडी वाचता येत नव्हतं, पण बोललेलं सगळं कळायचं. चिखल तुडवताना बाळ पायाखाली येतं तो प्रसंग जवळ आला की ती आम्हाला डोळे झाकायला लावायची आणि स्वतः मात्र बघत बसायची, पदर तोंडात धरून. मग मराठीच्या पुस्तकात गोरोबांचा अभंग आला तेव्हा मी वर्गात हात वर करून सांगितलं, ‘बाई, हे तर राजकुमार!’ बाई दोन सेकंद गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘बस.’

मराठीतला सिनेमा विचाराल तर ‘सैराट’, आणि प्रेमकथेसाठी अजिबात नाही. आर्ची करमाळ्याकडचं बोलते आणि सगळा महाराष्ट्र तिचं बोलणं पाठ करतो, ह्यासाठी. त्याचा पुढच्याच वर्षी, २०१७ ला, ‘मनसु मल्लिगे’ नावाचा कानडी अवतार आला. नायिका तीच, रिंकू राजगुरू. मी हौसेनं बघितला. गोष्ट तीच, मुलगी तीच, पण माझ्यासाठी तिची बोली गेली तशी निम्मी आर्ची गेली. करमाळ्याला त्याची आर्ची मिळाली. आमच्या खानापूर-निपाणीची अजून यायचीय. आमच्याकडचं बोलणं पडद्यावर येतं ते बहुतेकदा हसवणाऱ्या हवालदाराच्या नाहीतर आचाऱ्याच्या तोंडी. ‘अय्यो’ म्हणायचं, दोन वाक्यं उलटी बोलायची, झालं काम.

मालिकांबद्दल मला फार आस्था नाही. सकाळी उठल्यापासून दागिने घातलेल्या बायका मला बघवत नाहीत. ‘तुझ्यात जीव रंगला’ मात्र आमच्या घरात सगळ्यांनी बघितली. कोल्हापूरची बोली, म्हणजे आमची मावसबहीणच. राणाचं ‘चालतंय की’ पुण्याच्या ऑफिसातही लोक म्हणायला लागले तेव्हा होस्टेलच्या त्या तिघींची आठवण येऊन मला आसुरी आनंद झाला होता. पुढं पुढं मालिका ताणली, तेव्हा सोडली. लहानपणीचं विचाराल तर शंकर नागचं ‘मालगुडी डेज’, आणि आमच्या गल्लीत तो कानडीचा की मराठीचा ह्यावर पोरांची पैज लागायची. मुंबईत मराठी नाटकं केलेला माणूस, ‘२२ जून १८९७’ ह्या मराठी सिनेमाच्या लेखनात त्याचा हात. पैज कोणीच जिंकलं नाही.

गाण्यात माझा प्रश्नच सुटलेला आहे. भीमसेन जोशी. आषाढीला ‘संतवाणी’ आणि शुक्रवारी ‘भाग्यदा लक्ष्मी बारम्मा’, गळा एकच. पुरंदरदासांच्या त्या पदातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ मला लग्नानंतर कळला, सासूबाईंनी सांगितल्यावर. त्याआधी वीस वर्षं अर्थावाचून काही अडलं नव्हतं. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी इथून जवळच, पण ते गाऊ लागले की मी नुसती ऐकते, त्यावर मत द्यायची माझी तयारी नाही.

आता खाणं. आतेबहिणीनं कुंदा भरलाय तो मी खोडते, पण आधी कुंद्याबद्दल एकदाचं बोलून घेते.

चांगला कुंदा तपकिरी असतो, रवाळ असतो, आणि चमच्याला धरला तर सावकाश सुटतो. दूध आटवता आटवता दह्यानं जरासं फाडायचं, म्हणजे कण पडतात, आणि रंग येतो तो साखर करपायच्या एक पायरी आधीपर्यंत परतण्यातून. आईनं एकदाच घरी केला होता. दोन लिटर दूध, पाऊण दुपार, आणि शेवटी एवढीशी वाटी. त्यात काकू येऊन म्हणाली, ‘दुकानातला बरा लागतो की.’ त्यानंतर आई कढईला शिवली नाही. बाहेरगावी पाठवलेला कुंदा पाहुणे फ्रीजमध्ये टाकतात, तो दगड होतो, मग ते म्हणतात, ‘ठीक आहे, जरा जास्तच गोड आहे.’ अहो, वाटी गरम पाण्यात ठेवा, मऊ होऊ द्या, मग बोला. मी वर चिमूटभर चिवडा घालून खाते. घरात ह्यावर कुणाचंही मत माझ्या बाजूनं नाही.

मांड्यांचं नाव घेतलं की पुण्याचे लोक ‘मनातले मांडे’च म्हणतात. आमच्याकडं ते ताटात येतात, पापडाहून पातळ, आत पिठीसाखर, घडी करून. लग्नाच्या पंगतीत घडी मोडायचा आवाज येतो तो मला फार आवडतो. गोकाकच्या करदंटाला, म्हणजे डिंक-सुकामेव्याच्या वडीला, मात्र चिक्की म्हणू नका. सासूबाईंसमोर तर नकोच.

पण मला मनापासून आवडतं ते गिरमिट. हुबळी-धारवाडकडचं आहे, कबूल. कांदा, टोमॅटो, चिंच, गूळ ह्यांचा शिजवलेला ओला मसाला, त्यात चुरमुरे, वरून डाळ्याचं पीठ आणि कोथिंबीर, बाजूला गरम मिरची भजी. पाच मिनिटांत खायचं. सहाव्या मिनिटाला चुरमुऱ्यांचा लगदा होतो आणि मग मीसुद्धा खात नाही. जुलैतल्या पावसात, छत्री एका खांद्यावर तोलून, कागदाच्या द्रोणात. बाजूला उभा असलेला माणूस कानडीत सांगतो तिखट जास्त टाक, मी मराठीत सांगते कांदा जास्त टाक, आणि गाड्यावरचा मामा दोघांनाही एकाच वाक्यात गप्प करतो. ते वाक्य नेमकं कुठल्या भाषेत असतं, मी अजून पकडू शकलेले नाही.

तर ताई, तुझ्या पाचही रकान्यांची उत्तरं वर आलीत, शोधून घे. कुंदा कुरियरनं पाठवणार नाही, मागच्या वेळी तू तो मायक्रोवेव्हमध्ये घातला होतास. पावसाळा आहे तोवर ये. गाडीवरून उतरलीस की आधी गिरमिट खाऊ, घरी नंतर जाऊ. आईला सांगू नको.