पोलिओ काय फक्त अमिताभमुळे गेला?

ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, "अमिताभने टीव्हीवर सांगितलं आणि देशातून पोलिओ गेला. लोक पुढाऱ्यांचं नाही, स्टारचं ऐकतात, आणि स्टार पैसेही घेत नाहीत, मग सरकारने प्रत्येक योजनेला एक स्टार घ्यावाच."

पहिलं म्हणजे पोलिओ कसा गेला. अमिताभची "दो बूंद जिंदगी की" जाहिरात कित्येक वर्षं चालू होती तरी 2009 मधे भारतात 741 केसेस होत्या, जगातल्या जवळपास निम्म्या. 2010 ला 42, आणि शेवटची केस 13 जानेवारी 2011 ला हावड्यात. जाहिरात तीच होती, पण जानेवारी 2010 पासून पोलिओ व्हायरसच्या टाईप 1 आणि 3 दोन्हींवर चालणारी नवीन लस आली आणि यूपी-बिहारमधले जिथे व्हायरस हटतच नव्हता ते 107 ब्लॉक हेरून तिथे जोर लावला. आणि घरोघर फिरणाऱ्या आशाताई, अंगणवाडीताई कुठे गेल्या हो तुमच्या मेसेजमधे? खांद्याला बर्फाचा डबा, बाटलीवरचा चौकोन उष्णतेने गडद झाला की ती बाटली बाद, बाळाच्या करंगळीला शाई, दारावर खडूने पी, आणि घरातलं एक जरी पोर राहिलं तर एक्स, म्हणजे त्या दारात परत जायचं. त्यांचं नावसुद्धा नाही, याचा मला खरंच राग येतो.

"लोक स्टारचं ऐकतात", बरं. पश्चिम यूपीत अफवा होती की डोसने मुलं पुढे नपुंसक होतात, तिथे जाहिरात बघूनही दारं बंदच राहिली, ती उघडली गल्लीतल्या ओळखीच्या बाईने आणि मशिदीतल्या इमामाने. रविवारची तारीख घराघरात पोचवली अमिताभने, ते मान्यच आहे.

पैसे घेत नाहीत म्हणून काय झालं? डोस बाळाच्या भल्याचा होता, सरकारच्या कायद्याला मात्र दोन बाजू असतात. फेब्रुवारी 2021 ला पॉप गायिका रिहानाने तीन शेती कायद्यांविरुद्धच्या शेतकरी आंदोलनावर ट्वीट केलं, उत्तर म्हणून परराष्ट्र खात्याने स्वतःचे हॅशटॅग दिले आणि तेच लावून सचिन, लतादीदी, अक्षय कुमारची ट्वीट आली, हमीभावावर एक शब्द नाही. शेतकरी हलले नाहीत, नोव्हेंबरमधे तिन्ही कायदे मागे घ्यावे लागले, आणि मधल्यामधे कोचीत सचिनच्या कटआउटवर काळं तेल ओतलं गेलं.

प्रत्येक योजनेला स्टार लागतोच म्हणणाऱ्यांनी आर. आर. आबांचं गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आठवावं. गावागावात स्पर्धा लावली, बक्षीस ठेवलं, समिती येऊन गटारं आणि संडास बघायची, आणि ती यायच्या आधी अख्खं गाव झाडू घेऊन उतरायचं.