अमितकुमार रुमादेवींचाही मुलगा आहे

दरवर्षी ४ ऑगस्ट आणि १३ ऑक्टोबरला, म्हणजे किशोरकुमारच्या जयंतीला आणि पुण्यतिथीला, फेसबुक किशोरमय होतं. व्हायलाच हवं. पण त्या पोस्टींखाली एक कमेंट हमखास उगवते, 'मुलाला मात्र बापाची सर आली नाही', आणि तिच्यावर धडाधड लाइक पडतात. माझं डोकं फिरतं ते तिथे.

सर आली नाही हे कबूलच. किशोरची सर आलीय कुणाला? पण हा हिशेब मुळात अर्धाच मांडलेला आहे. त्या मुलाला, म्हणजे गायक अमितकुमारला, आईही होती, आणि ती 'किशोरची पहिली बायको' एवढ्या ओळखीत मावणारी बाई नव्हती.

रुमादेवी. लग्नाआधी घोष, दुसऱ्या लग्नानंतर गुहठाकुरता. आई सती देवी स्वतः गायिका, आणि सत्यजित राय यांच्या पत्नी बिजोया या सख्ख्या मावशी. रुमादेवी नाचायच्या, गायच्या, पडद्यावर दिसायच्या. रायांच्या 'अभिजान'मध्ये त्या आहेत, पुढे 'गणशत्रू'मध्येही. आणि १९५८ साली त्यांनी कोलकात्यात संगीतकार सलील चौधरी आणि राय यांच्या साथीने 'कलकत्ता यूथ कॉयर' हे समूहगानाचं पथक उभं केलं. बंगाली माणसाला आजही रुमादेवी म्हटलं की आधी ते समूहगान आठवतं, किशोर नंतर.

१९५८ हेच त्यांच्या घटस्फोटाचंही वर्ष. १९८५ मध्ये पत्रकार प्रीतीश नंदींना दिलेल्या त्या गाजलेल्या मुलाखतीत किशोरने याबद्दल सरळ सांगून टाकलं होतं: तिला कॉयर आणि करिअर उभं करायचं होतं, मला घर उभं करणारी बायको हवी होती. त्या मुलाखतीत तो झाडांशी गप्पा वगैरे बरंच काही बोललाय आणि लोक तेच शेअर करतात. मला हे वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. कारण अमित वाढला तो त्या कॉयर उभं करणाऱ्या बाईकडे, कोलकात्यात.

आता 'दूर गगन की छाँव में' (१९६४) बघा. निर्माता, दिग्दर्शक, संगीतकार, नायक, सगळं किशोर. युद्धावरून परतलेल्या सैनिकाचं घर जळून गेलंय, बायको गेलीय, आणि धक्क्याने मुलाची वाचा गेलीय. तो मुका मुलगा म्हणजे अमित, तेव्हा जेमतेम दहा-अकरा वर्षांचा. 'आ चल के तुझे' हे गाणं बाप मुलासाठी म्हणतो. त्याचे शब्दही किशोरचेच. गाणं चालू असताना त्या पोराच्या चेहऱ्याकडे बघा. तो नुसता ऐकतोय. पुढे आयुष्यभर ज्याला 'बापासारखं गाऊन दाखव' म्हणणार होते, त्याची पडद्यावरची पहिली मोठी भूमिका तोंडातून शब्द न काढता बापाचं गाणं ऐकण्याची होती. एखाद्या पटकथाकाराने हे सुचवलं असतं तर आपण 'फारच ओढूनताणून आहे' म्हटलं असतं.

त्याच्या अभिनयाबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं नाही. 'दूर का राही', 'बढ़ती का नाम दाढ़ी' अशा घरच्याच चित्रपटांत तो दिसला. नट म्हणून तो टिकला नाही आणि त्यात हळहळण्यासारखंही काही नाही.

गाण्याकडे येऊ. 'बालिका बधू', १९७६. संगीत पंचमचं, म्हणजे आर. डी. बर्मनचं, शब्द आनंद बक्षींचे, पडद्यावर आपला सचिन पिळगावकर. (गंमत बघा, अकरा वर्षांनी याच सचिनने दिग्दर्शित केलेल्या 'गंमत जंमत'मध्ये किशोर 'अश्विनी ये ना' गायला. मुलाने सचिनला आवाज दिला तो हिंदीत आणि बाप सचिनसाठी गायला तो मराठीत.) 'बडे अच्छे लगते हैं' आज हेडफोन लावून ऐका. गाण्यात जवळजवळ काहीच घडत नाही. साध्या चार गोष्टी मोजायच्या, मध्ये थांबायचं आणि मग 'और तुम'. किशोरने इथे काय केलं असतं याची कल्पना करता येते. त्या थांब्यात एखादा श्वास, एखादं हसू पेरलं असतं, शेवटच्या शब्दाला असा काही हेलकावा दिला असता की आपण घायाळ. अमित तसं काहीच करत नाही. आवाज एका पातळीवर ठेवतो आणि शब्द जसे आलेत तसे खाली ठेवतो. पडद्यावरचा पोरगाही लाजरा, नवखा, त्यामुळे ते चपखल बसतं.

हे कुठून आलं असेल? माझा आपला अंदाज आहे, पुरावा काही नाही. समूहगानात आपला आवाज शेजाऱ्याच्या वर जाऊ द्यायचा नसतो, ही तिथली पहिली शिस्त. ज्या घरात आई कॉयर बसवते तिथल्या पोराच्या कानावर ती शिस्त लहानपणापासून पडणारच. गळ्याचा पोत बापाचा आहे, नाही कोण म्हणतं? पण तो गळा वापरायची रीत मला आईची वाटते.

पटत नसेल तर 'कसमें वादे'मधलं 'आती रहेंगी बहारें' लावा. त्यात बाप-लेक एकाच गाण्यात आहेत, सोबत आशाबाई. किशोर अमिताभसाठी, अमित रणधीर कपूरसाठी. किशोरची ओळ आली की गाणं त्याचं होऊन जातं. अमितची ओळ आली की गाणं गाण्याचंच राहतं. दुसऱ्या प्रकारालाही मी गुणच म्हणतो. मोठ्या गायकांच्या सोबत बसून गाणाऱ्याला तर तो लागतोच.

मग १९८१ ची 'लव्ह स्टोरी'. पडद्यावर राजेंद्रकुमारचा मुलगा कुमार गौरव, आवाज किशोरकुमारच्या मुलाचा आणि संगीत सचिनदेव बर्मन यांच्या मुलाचं. पंचमची आई मीरादेवीही गीतकार आणि गायिका, हे आणखी एक आपण विसरतो. पुढच्या पिढीची तीन पोरं एका ठिकाणी आली आणि त्या वर्षी कॉलेजांमध्ये दुसरं काही वाजत नव्हतं. 'याद आ रही है'साठी अमितला फिल्मफेअर मिळालं. त्या वर्षीच्या नामांकनांच्या यादीत किशोरही होता, 'हमें तुमसे प्यार कितना' आणि 'छूकर मेरे मन को' अशा दोन-दोन गाण्यांसह. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर मी परीक्षक असतो तर बक्षीस 'छूकर मेरे मन को'लाच दिलं असतं. पण कमेंटवाल्यांनी निदान एवढं लक्षात ठेवावं की मुलाने बापाला एकदा समोरासमोर हरवलंय.

माझं सगळ्यात आवडतं मात्र 'जीवा'मधलं, 'रोज़ रोज़ आँखों तले'. १९८६, गुलज़ार, पंचम, आशाबाई. अशा चालीत आशाबाईंसमोर उभं राहायचं म्हणजे चेष्टा नाही, आणि हा पठ्ठ्या न दबता, न चढता गाऊन जातो. चित्रपट कुणाला आठवत नाही, गाणं आठवतं.

१३ ऑक्टोबर १९८७ ला किशोर गेला. पुढच्या वर्षीच्या 'तेज़ाब'मध्ये अनिल कपूरला 'कह दो के तुम हो मेरी वरना' हा अमितचाच आवाज होता, आणि 'एक दो तीन'चं पुरुष आवाजातलं रूपही त्याचंच. त्यानंतर 'त्रिदेव', 'बागी'. म्हणजे दारं बंद झाली नव्हती. पण बाजाराला हवा होता किशोरचा आवाज, आणि तो पुरवायला किशोरची गाणी गाऊनच पुढे आलेली मंडळी रांगेत होती. १९९० च्या 'आशिक़ी'नंतर कुमार सानू कुठे पोचला ते सांगायला नको. सानूच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण ज्याच्या गळ्यात तो वारसा जन्मापासून होता तोच बापाची नक्कल करायला सगळ्यात कमी उत्सुक निघाला, हे मला फार आवडतं.

४ जानेवारी १९९४ ला पंचमही गेला. त्यानंतर अमितने चित्रपटांतून जवळजवळ अंग काढून घेतलं. स्टेज शो, बंगाली गाणी, तेवढंच. तिथे अर्थातच लोक बापाचीच गाणी मागणार, आणि तो ती गातो. पोटाचा प्रश्न असतो आणि त्यात लाज कसली?

२०२१ चा 'इंडियन आयडल'चा किस्सा आठवतोय ना? किशोर विशेष भागाला अमितकुमार पाहुणा म्हणून गेला आणि नंतर त्याने पेपरवाल्यांना सांगून टाकलं की मजा आली नाही, सगळ्यांचं कौतुक करायला सांगितलं होतं, मागितले तेवढे पैसे मिळाले म्हणून गेलो. केवढा गदारोळ झाला! घेतले ना पैसे, मग गप्प बसायचं, असा एकंदर सूर. मला उलट वाटतं. टीव्हीवर दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या अंगावर काटा येतो, कुणाचे डोळे भरून येतात. तिथे एका माणसाने पैसेही घेतले आणि खरंही सांगितलं. हा फटकळपणा मात्र शंभर टक्के बापाचा. त्याचं श्रेय रुमादेवींना देत नाही.

तर मंडळी, तुमचं आवडतं अमितकुमारचं गाणं कमेंटमध्ये टाका. अट एकच, 'बडे अच्छे लगते हैं' सोडून.