खोका खरा, करामत उसनी

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर माझ्याकडे तीनदा फिरून आला. शेवटच्या खेपेला पुतण्यानं पाठवला आणि खाली एक ओळ जोडली : "काका, तुमचं दुकान बंद!" मजकुराचा गोषवारा असा. जुन्या हॉलिवूड सिनेमांतले संगणक म्हणजे रंगवलेले प्लायवूडचे खोके. त्यांच्यावरचे दिवे उगाच लुकलुकायचे, खऱ्या संगणकाला असले दिवे कधी नव्हतेच. 'वॉरगेम्स'मधल्या शाळकरी पोराचा संगणक सिनेमापुरता बनवलेला. 'ज्युरासिक पार्क'मध्ये ती मुलगी ज्याला 'युनिक्स' (संगणक चालवणारी एक प्रणाली) म्हणते ते उडते ठोकळे म्हणजे पटकथाकाराची थाप. आणि म्हणून अशा यंत्राची प्रतिकृती करायची तर एक आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), मूठभर एलईडी आणि रविवारची एक दुपार पुरे.

माझं 'दुकान' म्हणजे जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग. तिथे दोन वर्षांपासून 'वॉरगेम्स'मधल्या त्या संगणकाची एक प्रतिकृती अर्धवट पडून आहे आणि घरचे उरलेल्या अर्ध्यात जेवतात. तेव्हा शेवटच्या वाक्याचा राग मला वैयक्तिक आहे, हे आधीच सांगून टाकतो.

प्लायवूडपासून सुरुवात करू. १९५०च्या दशकात सोव्हिएत बॉम्बफेकी विमानांवर नजर ठेवायला अमेरिकेच्या हवाई दलानं 'सेज' नावाची यंत्रणा उभारली. तिच्यासाठी आयबीएमनं एएन/एफएसक्यू-७ हा संगणक बांधला. एकेका यंत्रात सुमारे ४९,००० व्हॅक्यूम ट्यूब, वजन अडीचशे टनांच्या घरात, आणि वीज तीन मेगावॉटपर्यंत. ऑपरेटरच्या टेबलात सिगारेट पेटवायचा लायटर आणि राखेचं भांडं कारखान्यातूनच बसवून यायचं. ही केंद्रं एकेक करून बंद पडली, तसे देखभालीचे भलेमोठे पॅनल भंगारात निघाले आणि सिनेमाला सामान भाड्यानं देणाऱ्यांनी ते उचलले. इतके दिवे, इतक्या कळा, तेही पक्क्या लोखंडी चौकटीत. सुताराकडून एवढं काम करून घ्यायचं तर निर्माता रडला असता.

मग हे पॅनल दिसतात कुठे? १९६६च्या 'द टाइम टनेल' मालिकेत, १९७४च्या 'द टॉवरिंग इन्फर्नो'त, १९७६च्या 'लोगन्स रन'मध्ये. तिसऱ्यातली गोष्ट तेविसाव्या शतकातली आहे. म्हणजे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरच्या काळातलं लष्करी भंगार पडद्यावर पुढच्या तीनशे वर्षांचं काम करत होतं.

दुसरं उदाहरण 'बॅटमॅन' या दूरचित्रवाणी मालिकेतल्या गुहेचं. तिथे उभा आहे बरोज २०५ हा संगणक. तो मुळात पॅसाडीनाच्या इलेक्ट्रोडेटा कंपनीचा. १९५६मध्ये बरोजनं ती कंपनी विकत घेतली. पॅसाडीना हॉलिवूडपासून हाकेच्या अंतरावर, हेही लक्षात घ्या. हा ओळखायचा कसा? दिवे मोजा. ते उभ्या रांगांत आहेत आणि एका रांगेत चार. खालून वर १, २, ४, ८. कारण यंत्र दशमान होतं : एक रांग म्हणजे एक अंक, दहा अंकांचा एक शब्द, शिवाय चिन्ह. सजावट करणारा माणूस दिवे दिसायला बरे लावतो. चार-चारच्या दहा रांगा तो मुद्दाम कशाला लावेल? ही एकच खूण मला नामपट्टीपेक्षा जास्त भरवशाची वाटते, कारण नामपट्टी सेटवर पहिल्यांदा झाकली जाते.

पण पॅनल खरे म्हणून यंत्र चालू होतं असं नव्हे. अडीचशे टनांतला दोन टनांचा तुकडा स्टुडिओत आणून काय चालणार? त्या दिव्यांना वेगळी वायर जोडून ते बाहेरून लुकलुकवले जात. माझं सगळं म्हणणं याच फटीत आहे. सिनेमात दिसणारं यंत्र एक, आणि पडद्यावर जे घडतं ते घडवणारं दुसरं. फिरता मजकूर दुसरं खोटं असल्याचं पाहतो आणि पहिल्यालाही खोटं ठरवतो.

याचा सगळ्यात चांगला नमुना 'वॉरगेम्स'. १९८३चा सिनेमा, घरच्या संगणकावरून लष्कराच्या महासंगणकात शिरणाऱ्या शाळकरी पोराचा. पोराच्या खोलीत टेबलावर जे यंत्र आहे ते इम्साय ८०८०. कॅलिफोर्नियातल्या सॅन लिअँड्रोच्या कंपनीचं, १९७५च्या शेवटी बाजारात आलेलं, आत इंटेलचा ८०८० प्रोसेसर. गाजलेल्या अल्टेअर या घरगुती संगणकाची ही सुधारित नक्कल, पण दोघांत गोंधळ होण्याचं कारण नाही : अल्टेअरला धातूच्या बारीक दांड्यांचे स्विच, इम्सायला लाल-निळी चपटी पॅडल. अंधाऱ्या फ्रेममध्येसुद्धा ती रांग ओळखू येते. शेजारी आठ इंची फ्लॉपीचा दुहेरी ड्राइव्हही त्याच घराण्यातला.

'सिनेमापुरता बनवलेला' म्हणणाऱ्यांनी एक साधी गोष्ट पाहावी. सिनेमा आला तेव्हा हे मॉडेल आठ वर्षांचं म्हातारं होतं. ॲपल टू येऊन सहा वर्षं झालेली, आयबीएम पीसी येऊन दोन. इम्सायची मूळ कंपनी १९७९मध्येच बुडाली होती, आणि तिचं नाव नि उरलेला माल ज्या छोट्या कंपनीनं घेतला तिनंच चित्रीकरणाला यंत्र पुरवलं. नवं काही बनवायचं असतं तर कुणी बुडीत कंपनीचा डबा कशाला घेतला असता? मला तर ही निवड फार समजूतदार वाटते. खिशात फार पैसे नसलेल्या पोराकडे जुनं, कुणीतरी टाकून दिलेलंच यंत्र असणार.

आता करामतीकडे. नट टंकत असताना पडद्यावर उमटणारी अक्षरं कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेरच्या दुसऱ्या संगणकावरून येत. व्यवस्था अशी, की त्यानं कुठलीही कळ दाबली तरी हवं तेच अक्षर उमटावं. युद्धकक्षातल्या त्या प्रचंड नकाशांची आकृती एचपी ९८४५सी या टेबलावरच्या संगणकावर तयार झाली. चित्रं फ्रेमगणिक फिल्मवर उतरवली आणि सेटवर पडद्यांवर प्रक्षेपित केली. संगणकाचा तो सपाट, निर्विकार आवाज जॉन वुड या नटाचा. त्याच्याकडून वाक्यांतले शब्द उलट्या क्रमानं वाचून घेतले आणि मग सुलट जोडले. म्हणजे एका संगणकाच्या भूमिकेत किमान चार 'नट', आणि दिसतो त्यांतला एकच.

आणि डब्ल्यूओपीआर, तो महासंगणक? इथे मजकूरवाल्यांना पूर्ण गुण. तो खोकाच होता. कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीत सेटवरच्या कारागिरांनी बांधला. रूप घेतलं ते जुन्या टॅब्युलेटिंग यंत्रांवरून आणि १९४०-५०च्या काळातल्या लष्करी कपाटांवरून. आत एक माणूस ॲपल टू घेऊन बसायचा आणि दिग्दर्शक सांगेल तसे आकडे पळवायचा. जगाचा नाश करायला निघालेल्या यंत्राच्या पोटात घरगुती संगणक घेऊन बसलेला माणूस, हे मला सिनेमातल्या कुठल्याही प्रसंगापेक्षा जास्त आवडतं. काम संपल्यावर तो खोका मोडून भंगारात काढला, त्यामुळे आज त्याची मापं घ्यायची तर फक्त फ्रेमवरून.

दिव्यांचा मुद्दा. 'खऱ्या संगणकाला असे दिवे नव्हतेच' हे वाक्य लिहिणाऱ्यानं अल्टेअर किंवा इम्साय बहुधा चित्रातही पाहिलेला नाही. इम्सायच्या पुढच्या बाजूला सोळा दिवे पत्त्याचे, म्हणजे प्रोसेसर मेमरीत या क्षणी कुठे बघतो आहे ते. आठ दिवे डेटाचे. आठ स्थितीचे. आणखी आठ प्रोग्रॅमनं स्वतः पेटवायचे. मूळ संचाबरोबर पडदा यायचा नाही, कळफलकही नाही. पॅडल वर-खाली करून पत्ता लावायचा, 'एक्झामिन' दाबायचं, बाइट लावायचा, 'डिपॉझिट' दाबायचं, पुढचा बाइट. अल्टेअरच्या काळातला 'किल द बिट' नावाचा अवघ्या २४ बाइटचा खेळ आहे : पत्त्याच्या वरच्या आठ दिव्यांत एक ठिपका धावतो, तो जिथे असेल तिथला स्विच नेमक्या क्षणी उचलून त्याला मारायचं. चुकलात तर आणखी एक ठिपका वाढतो. दिवे हाच पडदा होता, हे याहून सोप्या रीतीनं कसं सांगू?

सरावलेल्या माणसाला नुसत्या दिव्यांवरून कळतं की यंत्र काम करतंय की एकाच फेऱ्यात अडकलंय. अडकलं की काही दिवे ठाम, काही मंद आणि नक्षी हलत नाही. कामात असलं की पत्त्याचे खालचे दिवे अर्धवट उजेडात थरथरत राहतात.

गंमत म्हणजे 'दिवे नुसते शोभेचे' हा आरोप जिथे थोडा लागू पडतो ते यंत्र शंभर टक्के खरं होतं. 'ज्युरासिक पार्क'च्या नियंत्रण कक्षात मागे लाल दिव्यांच्या उभ्या भिंती दिसतात, ती थिंकिंग मशीन्स कंपनीच्या सीएम-५ या महासंगणकाची ओळख. याच मॉडेलचा महासंगणक अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनं १९९१मध्ये बसवला होता. त्याच्या दिव्यांना यंत्राची खरी स्थिती दाखवता यायची, पण एक रीत निर्मात्यांनी वेगळी दिली होती आणि तिचं नावच होतं 'यादृच्छिक आणि सुखद' अशा अर्थाचं. मूळ कादंबरीत मात्र क्रे एक्स-एमपी हा महासंगणक आहे. त्या घराण्यातला एक क्रे हवामानाच्या अंदाजासाठी दिल्लीतही आला होता. आणि पुण्याच्या सी-डॅकनं १९९१मध्ये परम ८००० पुढे आणला, तोही सीएम-५सारखा पुष्कळ प्रोसेसर एकत्र जुंपणारा. आमच्या पिढीला डायनासोरांइतकंच त्या लाल भिंतींचं कौतुक का होतं, त्याचं हे अर्धं उत्तर.

'युनिक्स'ची थाप दोन ओळींत निकालात निघते. उडत्या ठोकळ्यांचा तो प्रोग्रॅम एफएसएन, सिलिकॉन ग्राफिक्सनं आपल्या आयरिक्स प्रणालीसाठी केलेला, आणि आयरिक्स हे युनिक्सच. ठोकळ्याची उंची म्हणजे फाईलचा आकार, रंग म्हणजे तिचं वय. मुलीनं अगदी बरोबर ओळखलं. फाईली बघायच्या साधनातून दाराची कुलुपं लागतात, ही थाप मात्र खरी थाप. आणि त्याच सिनेमात उद्यानाचा प्रोग्रॅमर नेड्री आपल्या मॅकवरून धक्क्यावरच्या माणसाशी 'थेट' बोलतो, तेव्हा खिडकीच्या तळाची पट्टी बघा. ती हळूहळू पुढे सरकते आहे. तो आधीच चित्रित केलेला क्विकटाइम व्हिडिओ आहे.

राहिली रविवारची दुपार.

मापापासून अडतं. फ्रेम थांबवून मोजायचं, तर एक तरी वस्तू ठाऊक मापाची हवी. 'वॉरगेम्स'मध्ये ती आठ इंची फ्लॉपी. तिच्यावरून बाकीचं काढायचं, पण ती आणि पॅनल कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर असतील तरच. रंग त्याहून फसवा. पहिल्या खेपेला मी पॅडलचा निळा थेट फ्रेमवरून उचलला. खोलीतल्या पिवळ्या दिव्यानं तो केव्हाच मारलेला होता आणि माझी पॅडल जवळजवळ करडी झाली. सोळा पॅडल पुन्हा थ्रीडी प्रिंटरवर काढली, पुन्हा घासली, पुन्हा रंगवली, या वेळी दिवसाउजेडात काढलेल्या मूळ यंत्राच्या फोटोंशी ताडून.

आणि दिवे. आर्डुइनोवर यादृच्छिक लुकलुक पाच मिनिटांत होते, ती ओळखायलाही पाचच मिनिटं लागतात. ज्यानं खरं यंत्र वापरलंय त्याला त्यात 'काम' दिसत नाही. म्हणून आत ८०८०चा इम्युलेटर, म्हणजे त्या प्रोसेसरची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम, चालवावा लागतो. झेड८०पॅक हा त्यातला जुना आणि भरवशाचा. पत्त्याची प्रत्येक तार ठरावीक वेळात किती वेळा वर होती ते मोजायचं आणि त्या प्रमाणात एलईडी मंद-तेज करायचा. तेव्हा कुठे तो थरथरता अर्धा उजेड येतो. पीडीपी-८/आय या जुन्या संगणकाची प्रतिकृती करणाऱ्यांना तर आणखी एक पायरी चढावी लागली. मूळ यंत्रात तारेचे बल्ब होते, ते पेटायला आणि विझायला वेळ घेत. एलईडी तसं करत नाही, म्हणून तो आळस सॉफ्टवेअरमधून आणावा लागला.

एका बाबतीत मात्र मी स्वतः मजकूरवाल्यांच्या बाजूला आहे. सिनेमातला पोरगा टेलिफोनचा रिसीव्हर मोडेमच्या (संगणकाला फोनवरून दुसऱ्या संगणकाशी जोडणाऱ्या यंत्राच्या) दोन रबरी वाट्यांत ठेवतो आणि संगणक रात्रभर एकामागून एक नंबर फिरवत बसतो. तसं होणं शक्य नाही. वाट्यांना फक्त ऐकता-बोलता येतं. नंबर फिरवायचा आणि फोन ठेवायचा तर माणूस हवा, नाहीतर थेट तारेला जोडलेला मोडेम. वाट्या होत्या त्या कॅमेऱ्यासाठी. माझ्या टेबलावरही त्या आहेत, आत एकही तार नाही. येणारा प्रत्येक जण आधी त्याच शोधतो, आणि पुतण्यानंही गेल्या रविवारी रिसीव्हर उचलून आधी तिथेच ठेवला.