‘पहिला झटका आला की माणूस गेला’ हे खरं नाही

स्किझोफ्रेनियाबद्दलचा, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराबद्दलचा, एक मेसेज माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतोय. त्यात म्हटलंय की आजाराचा पहिला झटका आला की माणूस कामातून गेला. मेंदू वर्षागणिक झिजतच जातो. दोष रक्तातच असतो, म्हणून डॉक्टरकडे लवकर नेलं काय नि उशिरा नेलं काय, सारखंच. आणि गोळ्या नुसत्या सुस्त करतात, बरं वाटलं की बंद कराव्यात. मी माझ्या धाकट्या भावाची शुभंकर आहे, म्हणजे आजारपणात त्याला सांभाळणारी. हा मेसेज कुणाच्या घरी ऐन पहिल्या महिन्यात पोचत असेल, या विचाराने स्वस्थ बसवत नाही.

‘कामातून गेला’ ही समजूत शंभराहून अधिक वर्षं जुनी आहे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी आजाराला दिलेल्या नावाचा अर्थच ‘अकाली बुद्धिभ्रंश’ असा होता. पुढे रुग्णांचा दीर्घकाळ माग काढला गेला, तेव्हा चित्र वेगळं दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात संशोधक अनेक देशांतल्या रुग्णांना १५ आणि २५ वर्षांनी पुन्हा भेटले. २००१ मध्ये निष्कर्ष आला की जवळपास निम्म्यांचं बरं चाललंय. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये तर वर्षानुवर्षं सरकारी इस्पितळात काढलेल्यांना सुमारे तीन दशकांनी शोधलं, आणि त्यांतले निम्मे ते दोन-तृतीयांश बरे झालेले किंवा बरेच सुधारलेले निघाले.

दुसरा आकडाही सांगायलाच हवा. २०१३ मध्ये ५० अभ्यास एकत्र तपासले गेले. लक्षणंही गेली, कामधंदा-नातीगोतीही सावरली आणि सुधारणा निदान दोन वर्षं टिकली, अशी कडक कसोटी लावली तर साधारण सातांत एकच जण उतरतो. आकड्यांत एवढी तफावत पडते ती ‘बरा’ कुणाला म्हणायचं यावरून. माझ्या भावाला अजून अधूनमधून आवाज ऐकू येतात. तेव्हा तो हातातलं काम थांबवतो, हेडफोन लावतो, पाच-दहा मिनिटं बसतो आणि पुन्हा कामाला लागतो. कडक कसोटीत तो बसायचा नाही. पण तो सहा वर्षं नोकरी करतोय.

मेंदू झिजतच जातो म्हणावं, तर घसरण बहुतेकांत पहिल्या काही वर्षांत होते आणि मग थांबते. त्याच २००१ च्या अभ्यासात सुरुवातीला सतत आजारी राहिलेल्यांपैकी सुमारे १६ टक्के लोक खूप उशिरा, पण सावरले. तरीही ‘आम्ही तर बिघडलेलेच पाहिले’ असं अनुभवी माणसंही सांगतात, कारण बरा झालेला पुन्हा ओपीडीत येत नाही. जो येत राहतो तोच नजरेसमोर राहतो.

आता सगळ्यात घातक मुद्दा: उशिराने फरक पडत नाही. आनुवंशिकता आहे, हे खरं. पण एकाच बीजाच्या जुळ्यांत एकाला आजार झाला तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी आहे. म्हणजे रक्तात सगळं लिहिलेलं नसतं. आणि पुढे काय होईल याचे जे अंदाज बांधता येतात, त्यांत पहिल्या दोन वर्षांतला किती काळ भास-भ्रमांत गेला, याला फार वजन आहे. आधीचं शाळा-कॉलेजातलं वागणं, आजार हळूहळू आला की एकदम, उत्साह आणि बोलणं किती आटलंय, गांजा सुटला का, पहिल्या औषधाला किती लवकर प्रतिसाद मिळाला, हेही पाहतात. यातलं बरंचसं आपल्या हातात नसतं. उशीर मात्र बराचसा टाळता येतो.

नॉर्वेत एका भागात जाहिराती देऊन, शाळांत माहिती देऊन आणि चटकन भेटणारी पथकं नेमून उपचाराआधीचा काळ सुमारे पाच आठवड्यांवर आणला. तुलनेसाठी घेतलेल्या, अशी मोहीम नसलेल्या भागांत तो सोळा आठवडे होता. दहा वर्षांनी लवकर शोधलेल्या गटातले ३१ टक्के बरे झालेले होते, दुसऱ्या गटातले १५ टक्के.

आमच्याकडे चौदा महिने गेले. भावाने खिडकीच्या काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवली होती, आणि आम्ही त्याला आळशी म्हणत होतो. मी रोज तो कागद काढायचे, तो रोज नवा लावायचा. ‘कुणापासून लपतोयस?’ हे विचारायला मला चौदा महिने लागले.

राहता राहिल्या गोळ्या. त्यांनी सुस्ती येते, वजन वाढतं, हे त्रास खरे आहेत आणि डॉक्टरांना ठणकावून सांगण्यासारखे आहेत. डोस किंवा औषध बदलता येतं. दोन औषधांनी गुण आला नाही तर क्लोझापिन हे औषध आहे, रक्ततपासणी सांभाळून. पण आपल्या मनाने बंद करणं वेगळं. १९९९ च्या एका अभ्यासात पहिल्या झटक्यातून सावरलेल्यांत औषध सोडल्यावर आजार उलटण्याचा धोका जवळजवळ पाचपट निघाला. नेदरलँड्समध्ये देखरेखीखाली डोस कमी करून पाहिला, तेव्हा सुरुवातीला उलटण्याचं प्रमाण दुप्पट झालं, पण सात वर्षांनी त्याच गटात सावरलेले जास्त होते. यावर तज्ज्ञांत वाद आहे. म्हणूनच डोस कमी करायचा तर तो डॉक्टरांशी बोलून, हळूहळू, घरातल्या माणसाने झोपेवर लक्ष ठेवून. माझ्या भावाचा आजार उलटण्याआधी त्याची झोप आधी जाते. पहाटे तीनला त्याच्या खोलीत दिवा दिसला की मी सकाळीच डॉक्टरांना फोन करते, आणि हे त्यानेच मला सांगून ठेवलंय.