चिनी रुपया

आमच्या देव्हाऱ्यात बाळकृष्ण आणि अन्नपूर्णेच्या शेजारी गेली चाळीस वर्षं एक गोरी बाई उभी आहे. एका हातात त्रिशूळ, दुसऱ्यात ढाल, मागे समुद्रात गलबत. आईच्या मते ती भवानी. तळहातात मावेल एवढ्या नाण्यावरची ही भवानी आजोबांनी हाँगकाँगहून आणली. ते बोटीवर नोकरीला होते. घरात तिचं नाव 'चिनी रुपया'. रोज हळद-कुंकू, शुक्रवारी फुटाणे.

चांदीचा भाव चढायला लागला तसा मी देवीकडे जरा वेगळ्या भक्तिभावाने बघू लागलो.

वाचून कळलं ते असं: हा रुपया नव्हेच, ब्रिटिश ट्रेड डॉलर. १८९५ पासून १९३५ पर्यंत पूर्वेकडच्या व्यापारासाठी पाडलेला. मागच्या बाजूला 'एक डॉलर' चिनीतही आणि अरबी वळणाच्या मलायातही लिहिलेलं, म्हणजे हाँगकाँगला चालावा आणि सिंगापुरातही अडू नये. वजन २६.९५ ग्रॅम, चांदी शेकडा ९०. आणि गंमत म्हणजे यातले बरेचसे पाडले आपल्या फोर्टातल्या टांकसाळीत! मुंबईच्या नाण्याची खूण म्हणजे त्रिशुळाच्या मधल्या दात्यावर इंग्रजी 'बी'.

तो 'बी' शोधण्यात माझा एक रविवार गेला. त्रिशुळात चाळीस वर्षांचं कुंकू घट्ट बसलेलं. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघितलं तर 'बी'ही दिसे आणि '८'ही. टूथपिक घेऊन कोरायला बसलो, तोच तिसऱ्या मजल्यावरचे काका आले. ते नाणी जमवतात. "अहो, हात लावू नका! घासलेल्या नाण्याला कोणी विचारत नाही," ते ओरडले. आतून आई म्हणाली, "दर दिवाळीला मी रांगोळीने लख्ख घासते की!" काका मटकन खुर्चीत बसले.

मग घरात परीक्षा सुरू झाल्या. फ्रिजवरचं लोहचुंबक आणलं. चिकटलं नाही. बायकोने टाळी वाजवली. "तांबंही चिकटत नाही, वहिनी," काका म्हणाले. नाद बघायला नाणं फरशीवर टाकलं, ते गडगडत फ्रिजखाली गेलं. झाडूच्या दांड्याने काढलं तेव्हा सोबत एक लसूण आणि मुलीचं हरवलेलं कानातलं निघालं. नादाबद्दल एकमत झालं नाही.

शेवटी नौपाड्यातल्या एका सराफाकडे गेलो. "मोडायचंय का? कानस मारून बघू?" त्याने इतक्या सहज विचारलं की मी नाणं छातीशीच धरलं. "फक्त वजन करा." काटा २३.१ वर थांबला.

"चाळीस वर्षं घासलंय हो," मी म्हणालो.

"घासून जवळजवळ चार ग्रॅम जायला हवेत तर देवीचं नाकसुद्धा उरलं नसतं."

पण माझ्याकडे हुकमाचं पान होतं. देवीच्या पायाशी एक बारीक चिनी ठसा आहे. तिकडचे व्यापारी नाणं पारखून घेतलं की त्यावर आपला शिक्का ठोकायचे. म्हणजे आमची देवी शंभर वर्षांपूर्वी एका चिनी सराफाने पास केलेली! नौपाड्याने नापास केली म्हणून काय झालं? काकाही ठसा बघून जरा घुटमळले.

गौरीच्या जेवणाला सगळे जमले. मी ठशाची गोष्ट रंगवून सांगत होतो. आत्या पुरणपोळी खाता खाता थांबली. हात धुऊन तिने पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. "दादांनी मला एकटीला दिलं होतं. कोणाला सांगू नको म्हणाले होते." तेवढ्यात कळव्याच्या चुलत्यांनी खिशात हात घातला. "मलाही असंच म्हणाले होते."

काकांना खाली बोलावलं. तिन्ही नाणी ओळीने मांडली. तीन भवान्या, तीन गलबतं आणि तिघींच्याही पायाशी तोच ठसा, त्याच जागी, तेवढाच खोल, उजवीकडे तेवढाच कललेला. "ठसा हाताने ठोकायचे," काका अगदी हळू म्हणाले. "तीन नाण्यांवर असा केसभरही न चुकता कसा बसेल? तो साच्यातच होता, नाण्यासकट ओतलाय."

पंगतीत कोणी बोलेना. फक्त आई उठली आणि तिन्ही नाणी ओल्या फडक्याने पुसून ताटात ठेवली.

"वन्सं, यातलं तुमचं कुठलं?"

आत्याने तिन्ही उलटीसुलटी करून बघितली. मग एक उचललं, तळहातावर तोललं आणि म्हणाली, "हे. माझं जरा जड होतं."

"ते आमचं आहे," आई म्हणाली.