रुमालाची उपमा आवडली, पण…

नमस्कार,

रिको जीआर थ्री या खिसाकॅमेऱ्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. झूम नाही, फ्लॅश नाही, डोळा लावायला व्ह्यूफाइंडर नाही, अशा डबीचं मी कोडकौतुक केलं, हा तुमचा पहिला आक्षेप. त्याच पैशात सेकंडहँड डीएसएलआर (आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) आणि वर दोन लेन्सा येतात, हा दुसरा. फोन खिशात असतोच, हा तिसरा. त्यावर कडी म्हणजे, ‘खिशात मावतो हाच गुण असेल तर रुमाल काय वाईट?’ तक्रारी मी सोयीस्कर गाळल्या असा ठपकाही आहे. मुलीसाठी कोणता कॅमेरा घ्यावा हेही विचारलंय, त्याकडे शेवटी येतो.

रुमालावर मनापासून हसलो. पण नुसतं खिशात मावण्यासाठी मी एवढे पैसे मोजले नसते. या कॅमेऱ्याची खरी खुबी अशी की निम्मं काम फोटो काढायच्या आधीच उरकून ठेवता येतं.

त्यात ‘स्नॅप फोकस’ नावाची सोय आहे. अंतर आपण आधी ठरवायचं, समजा २ मीटर. बटण अर्धं दाबलं तर कॅमेरा नेहमीसारखा फोकस शोधतो. एका झटक्यात पूर्ण दाबलं, तर शोधाशोध न करता ठरलेल्या २ मीटरवर फोटो घेऊन मोकळा होतो. लेन्स १८.३ मिलिमीटरची (फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २८ मिलिमीटरची लेन्स जेवढी रुंद चौकट दाखवते, तेवढी ही दाखवते). ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश यायचं छिद्र, एफ/८ इतकं बारीक ठेवलं तर गणिताने साधारण १ मीटरपासून चाळीसेक मीटरपर्यंत सगळं पुरेसं रेखीव येतं. म्हणजे रस्त्यावर समोर येईल ते जवळजवळ सगळंच. मग फोकसचा प्रश्नच उरत नाही, आपण फक्त बघायचं.

पुण्याच्या मंडईतलं एक उदाहरण देतो. मावशी काट्यावर मिरच्या तोलतात, पारडं स्थिर होतं, आणि मग न बघता मूठभर मिरच्यांतल्या दोन-चार वर टाकतात. गिऱ्हाईक खूश. तो हात हवेत असतो तेव्हाच फोटो आहे, त्याआधी नाही आणि नंतरही नाही. आत उजेड बेताचाच. एफ/८ला शटर १/२५० सेकंद ठेवायचं तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) चांगलाच चढवावा लागतो आणि फोटोत कण दिसतात. दिसू देत. बोटं बोटांसारखी राहतात आणि मिरच्या मिरच्यांसारख्या. (फोटो काढल्यावर मी तो मावशींना दाखवतो. नको म्हणाल्या तर तिथेच पुसतो. हे सांगायचं कारण, छोटा कॅमेरा म्हणजे चोरून फोटो काढायचा परवाना असं समजणारी मंडळीही आहेत.)

आता फोनचं. तुमच्या या मुद्द्यात तथ्य आहे, आणि लोक तो ‘कॅमेऱ्याचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) मोठा’ एवढं बोलून उडवून लावतात ते मला पटत नाही. जीआरचा सेन्सर एपीएस-सी मापाचा, म्हणजे चांगल्या फोनच्या मुख्य सेन्सरच्या पाचेक पट क्षेत्रफळाचा. पण फोनची लेन्स जास्त उघडी असते. पूर्ण उघडल्यावर जीआरच्या लेन्सचं छिद्र साडेसहा मिलिमीटरचं आणि फोनचं चारच्या आसपास. हिशेब केला तर जीआरमध्ये प्रकाश येतो तो अडीच पट, पाच पट नव्हे. ही तफावत फोन सहज भरून काढतो. तो एकाच बटणात अनेक फ्रेम घेतो आणि त्या एकमेकींत मिसळतो. स्थिर देऊळ, ताटातली पुरणपोळी, रात्रीचा मरीन ड्राइव्ह, या सगळ्यांत फोनचा फोटो जीआरच्या तोडीस तोड येतो आणि पुष्कळांना तोच अधिक आवडेल.

गडबड होते ती हलत्या गोष्टींत. मंद उजेडात मावशींचा हात प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतो. मग फोन कुठे एकच फ्रेम धरतो, कुठे कडा पुसतो, कुठे कातडी गुळगुळीत करून टाकतो. काय ठेवायचं आणि काय सारवायचं हे तो ठरवतो, मला विचारत नाही. जीआर सांगितलं तेवढंच करतो. माझ्या लेखी फरक हा आहे.

सेकंडहँड डीएसएलआर घ्यावा की नाही? जरूर घ्यावा, माझ्याकडेही आहे. पण लेन्ससकट तो पाऊण किलोच्या आसपास जातो आणि जीआर बॅटरी-कार्डासह २५७ ग्रॅम. वजनापेक्षाही आवाजाचा प्रश्न मोठा. डीएसएलआरचा आरसा खाडकन वर उडतो आणि समोरचा माणूस पदर, कॉलर, केस सारखे करायला लागतो. जीआरचं शटर लेन्समध्येच आहे, त्याचा आवाज कानाजवळ धरला तरच कळेल. या घराण्याचा फिल्मवाला जीआर१ १९९६ साली आला होता आणि जपानी छायाचित्रकार दाइदो मोरियामा यांनी रस्त्यावरच्या फोटोंसाठी त्या मालिकेतले कॅमेरे वर्षानुवर्षं वापरले. त्यांना मोठे कॅमेरे परवडत नव्हते म्हणून नक्कीच नाही.

तक्रारींकडे येऊ. बॅटरीबद्दल मूळ लेखात ओळ होती, तुमच्या नजरेतून ती निसटली असावी. पण विषय निघालाच आहे तर सगळंच सांगतो.

कंपनीच्याच आकड्यानुसार एका चार्जवर सुमारे २०० फोटो निघतात. लग्नघरात हळदीला सुरुवात केली तर सप्तपदीला कॅमेरा झोपलेला. यूएसबी-सीने चार्ज होतो म्हणून पॉवर बँक चालते, तरी खिशात दुसरी बॅटरी हवीच. मागचा स्क्रीन पक्का बसवलेला आहे, वळत नाही, आणि एप्रिलच्या दुपारी त्यावर स्वतःचाच चेहरा दिसतो. मग अंदाजाने फोटो काढायचे. सवयीने जमतं, पण ‘सवयीने जमतं’ हे त्या स्क्रीनचं कौतुक होत नाही. आधीच्या जीआर टूमध्ये फ्लॅश होता, थ्रीमध्ये तो काढून टाकला. कॅमेरा थोडा बारीक झाला खरा, पण हा सौदा मला अजून पटलेला नाही. अंधारात ऑटोफोकस पुढेमागे चाचपडत बसतो. आणि झूम नाहीच. ३५ किंवा ५० मिलिमीटरची चौकट निवडता येते, पण ती कापाकापी आहे. २४ मेगापिक्सेलचे अनुक्रमे १५ आणि ७ उरतात.

सगळ्यात मोठी तक्रार धुळीची, आणि ती लेन्स आत-बाहेर सरकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक खिसाकॅमेऱ्याला लागू आहे. चालू केला की लेन्सची नळी बाहेर येते, बंद केला की आत जाते. या ये-जा करण्यात फटींतून हवा आत ओढली जाते आणि हवेबरोबर धूळ. जीआर थ्रीत सेन्सर हलवून धूळ झटकायची सोय आहे, पण चिकटलेला कण त्याला दाद देईलच असं नाही. शिवाय पाणी आणि धूळ रोखणारी बांधणी नाही. डीएसएलआरची लेन्स काढून ब्लोअरने फुंकर मारता येते. इथे लेन्स निघत नाही, म्हणजे आत गेलेला कण काढायला कॅमेरा उघडायलाच हवा. या एका मुद्द्यावर तुमचा डीएसएलआर निर्विवाद जिंकला.

म्हणून जेजुरीला सोमवती अमावास्येला खिसाकॅमेरा नेऊ नये. भंडारा किती बारीक असतो हे तिथे गेलेल्याला सांगायला नको. कानात, घड्याळाच्या पट्ट्यात, पाकिटातल्या नोटांत तो आठवडाभर सापडत राहतो. माझा एक जुना झूमवाला कॅमेरा (कंपनीचं नाव कशाला) तिथेच गेला. नळी अर्धी बाहेर येऊन अडकली, कडेने पिवळी रेघ. दुरुस्तीवाल्याने सांगितलेल्या रकमेत जवळपास दुसरा आला असता. जेजुरीला आणि गणपतीच्या गुलालात सरळ आयपी६८ दर्जाचा (पाणी-धूळ रोखणारा) फोन न्यावा आणि घरी आल्यावर नळाखाली हलकेच धुवावा. तिथे फोनला तोड नाही.

‘कॉम्पॅक्ट कॅमेरे केव्हाच मेले’ असंही तुम्ही लिहिलंय. आकडे बघितले तर बरोबर वाटेल. लेन्स न बदलता येणारे डिजिटल कॅमेरे जपानी कंपन्यांनी २०१० साली १० कोटींच्या वर पाठवले होते, २०२३ साली १७ लाखांच्या आसपास. पण मेले ते कुठले? ज्यांचं काम फोनने त्यांच्याहून चांगलं केलं ते. वाढदिवसाला केक कापताना बाहेर निघणारे, सेन्सर नखाएवढा आणि फ्लॅश डोळे लाल करणारा. उरले ते थोडे, महाग आणि हट्टी आहेत.

आता तुमच्या मुलीचा कॅमेरा. तिला भिगवणला जाऊन पक्ष्यांचे फोटो काढायचे आहेत असं तुम्ही लिहिलंय. मग जीआर अजिबात घेऊ नका. त्याच्या २८ मिलिमीटरच्या चौकटीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) म्हणजे पाण्यावरचा गुलाबी ठिपका. तुम्हीच सुचवलेला सेकंडहँड डीएसएलआर घ्या, पण दोन लेन्सांचा मोह सोडून ३०० मिलिमीटरपर्यंत जाणारी एकच घ्या, शक्यतो स्टॅबिलायझेशनवाली, म्हणजे हाताची थरथर सावरणारी. घेताना दुकानातच एफ/१६ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून कोपऱ्यांपर्यंत बघा. सेन्सरवरचे डाग तिथे लगेच उघडे पडतात. शटर किती वेळा उडालंय तो आकडाही विचारा. विकणारा टाळाटाळ करायला लागला तर दुसरं दुकान बघा. आणि भिगवणला जायचं तर हिवाळ्यात, पहाटेची पहिली नाव पकडा.